रेची जागा

"डोळे मिट," प्रबोध माझ्या कानाशी पुटपुटला, "आणि घाबरू नकोस."

लग्न होऊन नगरच्या घरी आल्यावरचं ते माझं पहिलंच जेवण. समोर बाजरीची भाकरी, भरलं वांगं आणि शेंगदाण्याची चटणी. घाबरण्यासारखं ताटात तरी काही दिसत नव्हतं. मी डोळे मिटले. सासऱ्यांनी, म्हणजे पप्पांनी, दोन वाक्यांत देवाचे आभार मानले, घसा साफ केला, आणि त्या टेबलावरून एकदम तीन आवाज उठले. शब्द एकच, आमेन. पण पप्पांचा आवाज तळातून, मम्मींचा वरून आणि प्रबोधचा मधून, तिघांचे सूर वेगवेगळे आणि तरी एकात एक बसलेले. 'आ'वर थांबले, 'मे'वर सरकले, 'न'वर येऊन टेकले. माझे डोळे कधी उघडले ते कळलंच नाही. तोंडही उघडंच होतं.

"जेव बाळ," मम्मी म्हणाल्या. "आमच्याकडे रोज असंच असतं. होईल सवय."

मी सोलापूरची. आम्हीही ख्रिस्तीच, पण आमच्याकडे भजन. माझे दादा, म्हणजे वडील, पेटी वाजवायचे, काका तबल्यावर, उरलेले सगळे टाळ घेऊन, आणि सगळे मिळून एकाच सुरात. ज्याचा आवाज मोठा त्याचं देव आधी ऐकतो, अशी सगळ्यांची पक्की समजूत. जेवणाआधी दादा इतकी लांब प्रार्थना करत की आमटी गार व्हायची आणि धाकटा भाऊ मध्येच 'आमेन' म्हणून टाकायचा. एका शब्दाचे तीन तुकडे करून प्रत्येक तुकड्याला वेगवेगळे सूर लावणारं घर मी कधी पाहिलं नव्हतं.

पप्पा शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले आणि चर्चचे ऑर्गनवादक. उंच, किडकिडीत, बोलणं मोजकं. हा घरचा आमेन त्यांनीच बांधलेला होता. मुलं लहान असताना त्यांनी प्रत्येकाला आपापला सूर दिला होता, आणि ज्याचा सूर त्यानेच गायचा असा घरात नियम होता. प्रबोधचा आवाज फुटला तेव्हा त्याला महिनाभर नुसते ओठ हलवायची परवानगी मिळाली होती म्हणे. पण त्याचा सूर दुसऱ्या कुणाला दिला नव्हता.

मला मात्र सूर मिळाला नाही. मी वाट पाहिली. आठवडा गेला, दुसरा गेला. रोज दोन वेळा त्यांचा आमेन व्हायचा आणि मी गाडी सुटलेल्या माणसासारखी बघत बसायची. पप्पा मला प्रेमाने 'सोलापूर' म्हणायचे. "सोलापूर, अजून एक भाकरी घे," असं. भाकरी मिळत होती, सूर मिळत नव्हता.

नाताळ जवळ आला तसा चर्चमध्ये क्वायरचा सराव सुरू झाला. मीही जायला लागले. गायला नाही, ऐकायला. "आधी कान तयार होऊ दे," पप्पांनी सांगितलं होतं. मी मागच्या बाकावर बसून कान तयार करत असे. एका संध्याकाळी क्वायरमध्ये गाणाऱ्या कमलमावशी तापामुळे आल्या नाहीत. पप्पांनी ऑर्गनवरून मान वर केली, बाकांवरून नजर फिरवली आणि भराभर सांगितलं, "शांता, तू कमलचा सूर घे. लीला, तू शांताचा. चला."

शांता कुरकुरली. "एक दिवसाचा तर प्रश्न आहे, सर. राहू द्या की तेवढं रिकामं."

"देवासमोर भोक ठेवायचं नाही," पप्पा म्हणाले, आणि ऑर्गनचा भाता पायांनी दाबायला लागले.

त्याच दिवशी त्यांनी तरुण पोरांना एक गोष्ट समजावली, ती मला फार आवडली. पोरं शेवटच्या ओळीत घाई करत होती. पप्पा थांबले. "सगळ्यांना 'सा'वर पोचायची घाई," ते म्हणाले. "सा म्हणजे घर. पण त्याआधी हा रेचा कॉर्ड आहे, तो पूर्ण धरा. रे, म, ध, तिन्ही सूर एकदम. रे कुठे असतो? साच्या दारात. एकच पायरी. पण दारातून थेट आत शिरलं तर मजा नाही. तो आधी 'प'कडे जाऊन येतो आणि मग आत येतो. त्याला तेवढी फेरी मारू द्या. मग घरी आल्यासारखं वाटतं."

घरी येताना मी प्रबोधला विचारलं, "आपल्या आमेनमध्ये पहिल्या 'आ'ला काय आहे हो?"

"तोच. रेचा कॉर्ड. मग 'मे'ला 'प'चा, 'न'ला 'सा'चा."

"तुम्ही काय गाता 'आ'ला?"

"ध."

"आणि मम्मी?"

"मम्मी म. पप्पा खालचा म."

मी चालता चालता थांबले. पेटीवर वाढलेल्या माणसाला एवढं तरी कळतंच. "दोन म आणि एक ध. मग रे कोण गातंय?"

प्रबोध चालतच राहिला.

"रेच्या कॉर्डमध्ये रेच नाही? म्हणजे वऱ्हाड आलं आणि नवरदेव घरीच?"

"हळू बोल," तो म्हणाला. मागे वळून बघितलं, तर पप्पा बरेच लांब होते. "तो ताईचा सूर."

प्रबोधला मोठी बहीण आहे, एस्तेर, हे मला लग्न ठरताना सांगितलं होतं. लग्नाला ती का येणार नाही, हे विचारू नकोस, असंही सांगितलं होतं. आता कळलं. एस्तेरताईंनी राहुरीच्या दाविद पगारेंशी लग्न केलं होतं. दाविद ख्रिस्ती होते, सज्जन होते, निर्व्यसनी होते. पण ते वरातीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. पप्पांनी आयुष्यभर ऑर्गनवर देवाची गाणी वाजवली होती, आणि जावई घोड्यापुढे नाचणाऱ्या लोकांसाठी वाजवणार, हे त्यांना सहन झालं नाही. "पिपाणीवाल्याशी लग्न करायचं असेल तर या घरात यायचं नाही," ते म्हणाले होते. ताई त्यांचीच मुलगी. तीन वर्षं झाली, ती आली नव्हती. त्या दिवसापासून पप्पांनी तिचं नाव उच्चारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी आणि मम्मी करंज्या करायला बसलो. मी ताईंचा विषय काढला, आणि मम्मींच्या हातातलं लाटणं थांबलं.

"आठवा महिना आहे तिला," त्या म्हणाल्या. "पहिलटकरीण. सासू नाही. घरात सासरा, दीर आणि नवरा, तिघंही बँडवाले. लगीनसराईत दिवसदिवस कुणी घरी नसतं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं गं. एवढंच मागितलं मी ह्यांच्याकडे."

"मग?"

"ताटावरून उठून गेले."

"तुम्ही भेटता ताईंना?"

मम्मींनी खिडकीतून अंगणात बघितलं. पप्पा तिथे बसून बुटांना पॉलिश करत होते. "महिन्यातून एकदा दातांच्या डॉक्टरकडे जाते मी," त्या हळूच म्हणाल्या. "राहुरीला."

"नगरात दातांचे डॉक्टर नाहीत?"

"तू फार बोलतेस," मम्मी म्हणाल्या आणि हसल्या. मग पदराने डोळे पुसले, आणि पिठाचा हात गालाला लागला.

मला या माणसांचा लळा लागला होता. तो रिकामा 'आ' आता मला रोज टोचायला लागला. आधी तो कळत नव्हता तेव्हा बरं होतं. आता प्रत्येक जेवणाला मला त्यात भोक ऐकू यायचं. आणि मला वाटलं, सून घरात येते ती कशासाठी? पप्पांना मुलीची आठवण नकोशी झालीय, मम्मी आतल्या आत झुरतायत, प्रबोध मान खाली घालतो. निदान सूर तरी पुरा करावा. मी धुणं धुताना, भांडी घासताना तो रे घोटला. 'आ'ला रे, 'मे'लाही रेच, 'न'ला 'सा'वर यायचं. अगदी सोपा होता. मला माझ्या युक्तीचं भारी कौतुक वाटत होतं.

रविवारी दुपारी उपासनेनंतर आम्ही जेवायला बसलो. पप्पांनी आभार मानले, घसा साफ केला. तिघांनी 'आ' धरला आणि मी त्यावर रे ठेवला.

काय सांगू! अख्खं टेबल भरल्यासारखं वाटलं. तो कॉर्ड एकदम ओळखू आला. मम्मींचा आवाज थरथरला. प्रबोधने डोळे उघडले. आणि पप्पांचा हात वर गेला. सगळे थांबले. 'मे' झालाच नाही.

"हा सूर कुणी शिकवला तुला?" पप्पांनी विचारलं.

"कुणी नाही. मला तिथे तो ऐकू आला."

"स्वच्छ लावलास."

मला हायसं वाटलं.

"पुन्हा लावायचा नाही."

"चुकला का, पप्पा?"

"चुकला नाही. तिथे माणूस आहे," पप्पा म्हणाले आणि भाकरी मोडली. आमेन अर्धाच राहिला. त्या घरात असं कधी झालं नव्हतं.

मी स्वयंपाकघरात जाऊन मनसोक्त रडले. प्रबोध समजूत घालायला आला आणि स्वतःच गोंधळून उभा राहिला. मम्मींनी मला जवळ घेतलं. "तुझं काही चुकलं नाही," त्या म्हणाल्या. "तिचा सूरसुद्धा ऐकवत नाही त्यांना. इतका राग आहे अजून. संपलं आता, मी पुन्हा विचारणार नाही. इथंच बाळंतपण व्हावं असं फार वाटत होतं मला."

मलाही वाटलं, पप्पांचा राग काही गेलेला नाही.

त्याच आठवड्यात मम्मींचे दात दुखले. या वेळी त्यांनी मला बरोबर घेतलं. करंज्यांचा डबा, बाळंतविडा, दोन दुपटी, एवढं सगळं पिशवीत भरून आम्ही दातांच्या डॉक्टरकडे निघालो. पप्पा अंगणात वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी पिशवीकडे बघितलं. "डॉक्टरांना माझा सलाम सांगा," ते म्हणाले आणि पान उलटलं.

नगरच्या स्टँडवर एसटीला ही गर्दी. मम्मींना मधल्या बाकावर खिडकीची जागा रिकामी दिसली. त्या बसायला गेल्या, तर शेजारच्या बाईने आडवा हात घातला.

"अवो बाई, हितं माणूस हाय."

"कुठंय?" मी म्हटलं. "जागा तर रिकामी दिसतेय."

"रुमाल दिसंना का? येतंय माणूस. येतंय."

रुमाल होता खरा. कंडक्टर आला, तिकिटं फाडली, गाडी भरली. लोक त्या जागेसाठी भांडले, एकाने तर पिशवीच आपटली. बाई हटली नाही. सगळ्यांना एकच सांगायची, माणूस हाय, येतंय. घंटी वाजली, गाडी हलली, फाटकापाशी आली, तसा एक म्हातारा हातात भजीचा पुडा घेऊन पळत आला आणि वर चढला. तो गर्दीतून वाट काढत त्या जागेवर येऊन बसला. बाई त्याला म्हणाली, "किती येळ! जीव टांगला ना माझा."

मी दांड्याला लटकून उभी होते.

"मम्मी!"

"काय गं? लागलं का?"

"मम्मी, पप्पा काय म्हणाले त्या दिवशी? तिथे माणूस आहे म्हणाले."

"हो."

"तिथे माणूस होतं असं नाही म्हणाले. आणि चर्चमध्ये कमलमावशी एक दिवस आल्या नाहीत तर त्यांनी लगेच सूर वाटून दिला. भोक ठेवायचं नाही म्हणाले. मग घरात तीन वर्षं का ठेवलंय?"

मम्मींनी माझ्याकडे बघितलं. गाडी खड्ड्यातून गेली, आम्ही दोघी एकमेकींवर आदळलो. "परत सांग," त्या म्हणाल्या.

मी परत सांगितलं. राहुरी येईपर्यंत त्यांनी ते माझ्याकडून किती वेळा वदवून घेतलं, कोण जाणे. त्या म्हाताऱ्याने शेवटी उठून त्यांना जागा दिली, त्याला वाटलं बाईंना चक्कर येतेय.

एस्तेरताईंचं घर बाजाराच्या मागे होतं. ताई दारातच बसल्या होत्या, पप्पांसारख्याच उंच, पाय सुजलेले, चेहरा थकलेला. दाविदभाऊ आत बँडच्या लाल कोटाला इस्त्री करत होते. त्यांनी इस्त्री बाजूला ठेवून मम्मींना सलाम केला आणि चहाचं आधण ठेवायला गेले.

"पप्पांनी बोलावलं?" ताईंनी विचारलं. तोच प्रश्न दर वेळी विचारत असाव्यात, कारण मम्मींचं उत्तर ऐकायला त्या थांबल्या नाहीत. "नाही ना? मग मी येणार नाही. इथला दवाखाना चांगला आहे. नाव तरी घेतलं का माझं?"

"नाही," मम्मी म्हणाल्या. "पण ही काय सांगते ते ऐक."

ताईंनी माझ्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं.

"ताई, परवा मी तुमचा रे गायले," मी म्हटलं. "आमेनमधला."

"बरं झालं," ताई म्हणाल्या. आवाजाला धार होती. "तुमचा गळा चांगला आहे म्हणे. बसला असेल."

"बसला. पण पप्पांनी मध्येच थांबवलं. म्हणाले पुन्हा लावायचा नाही. तिथे माणूस आहे म्हणाले."

आत कपबशीचा आवाज थांबला.

"मग आधी कोण गात होतं?" ताईंनी विचारलं.

"कुणीच नाही."

"कुणीच नाही म्हणजे? मी गेल्यापासून?"

"पप्पा म, मम्मी म, हे ध. बाकी रिकामं."

"पप्पा? रेचा कॉर्ड रेशिवाय लावतात? पप्पा?" ताईंना आधी हसूच आलं. पोट धरून हसायला लागल्या. "दाविद, ऐकलंस का? आमचे पप्पा!"

दाविदभाऊ हातात गाळणी घेऊन दारात उभे होते. ते हसले नाहीत. "त्यांना बदलायला दोन मिनिटं लागली असती," ते म्हणाले. "मम्मींना रे दिला असता तरी भागलं असतं. एस्तू, वाजवणाऱ्या माणसाला ते रोज ऐकणं फार अवघड असतं गं."

ताईंचं हसणं कधी रडण्यात गेलं ते कळलं नाही. मम्मी त्यांच्याजवळ खाली बसल्या आणि त्यांचे सुजलेले पाय मांडीवर घेऊन चेपत राहिल्या. बऱ्याच वेळाने ताई म्हणाल्या, "नाताळला जेवायला येते. राहायचं काही बोलू नका. पप्पांनी सांगितलं तरच."

नाताळच्या दिवशी उपासना संपली की पप्पा सगळ्यात शेवटी चर्चबाहेर पडत. ऑर्गनवर कापड घालायचं, दोरी बांधायची, हे ते कुणाला करू देत नसत. आम्ही पुढे धावत घरी आलो. ताई आणि दाविदभाऊ येऊन थांबलेच होते. ताई आत आल्या, पण दाविदभाऊ ओट्यावरच उभे राहिले. "मला बोलावलं नाही," ते म्हणाले. "हिला सोडायला आलोय." मम्मींनी मटणात दोनदा मीठ घातलं आणि मग बटाटे टाकत बसल्या.

पप्पा आले. ओट्यावरच्या माणसाजवळून काही न बोलता आत आले. दारात एक जोडी जास्तीची चप्पल होती, ती त्यांनी पायाने सरळ करून भिंतीला लावून ठेवली. हात धुतले, टेबलाशी येऊन बसले. ताई त्यांच्या समोर, आपल्या जुन्या जागी. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मी प्रबोधचा शर्ट टेबलाखाली घट्ट धरून ठेवला होता.

पप्पांनी आभार मानले. अन्नाचे मानले, सणाचे मानले, मग थांबले. आणखी काही म्हणायचं होतं ते म्हणाले नाहीत. घसा साफ केला. 'आ' सुरू झाला.

तीनच आवाज. ताईंचे ओठ उघडे होते, पण सूर येत नव्हता.

पप्पांनी हात वर केला. "पुन्हा."

पुन्हा 'आ'. या वेळी ताईंच्या गळ्यातून नुसती हवा आली. मला वाटलं, आता या उठून जाणार. माझ्याजवळ तो रे तयार होता, ओठांपर्यंत आला होता, मी तो दाताखाली धरला.

पप्पांनी डोळे उघडले.

"एस्तेर," ते म्हणाले.

मम्मींच्या हातातला डाव खाली पडला.

"सराव सोडला की असं होतं. खांदे खाली घे. ताठ बस. श्वास पोटातून." मग त्यांचं लक्ष ताईंच्या पोटाकडे गेलं आणि ते जरा अडखळले. "तिथे जागा नसेल तर जिथून मिळेल तिथून घे. पण घे. पुन्हा."

ताईंनी खांदे खाली घेतले. पप्पांनी म धरला, मम्मींनी धरला, प्रबोधने ध, आणि ताईंचा रे आला. आधी जरासा कापरा, मग सरळ. माझ्यापेक्षा कितीतरी चांगला. 'आ' त्यांनी एवढा लांबवला की प्रबोधचा श्वास संपला आणि त्याने मध्ये चोरून दुसरा घेतला. मग 'मे', आणि मग 'न', आणि ताई 'सा'वर आल्या. पप्पांनी हात खाली आणायला फार उशीर लावला.

"सामान कुठे आहे?" पप्पांनी विचारलं.

"आणलं नाही," ताई म्हणाल्या.

"का?"

"तुम्ही ये म्हणून सांगितलं नव्हतं."

पप्पांना खरंच राग आला. "रोज दोन वेळा सांगत होतो," ते म्हणाले. "जेवणाआधी, या टेबलाशी बसून. तुला ऐकू आलं नाही त्याला मी काय करू?"

ताई उठल्या आणि टेबलाला वळसा घालून, पोट सांभाळत, पप्पांच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी पप्पांच्या डोक्यावर हनुवटी टेकवली. लहानपणी असंच करायच्या, असं मम्मींनी मला नंतर सांगितलं. पप्पा ताटाकडे बघत बसून राहिले, त्यांचा चष्मा धुरकटला होता.

"ओट्यावर कोण उभं आहे?" शेवटी ते म्हणाले.

"दाविद, पप्पा."

"वाद्य आणलंय का त्याने?"

"नाही."

"मग आत बोलाव. आणि पुढच्या रविवारी घेऊन ये म्हणावं. ऑर्गनबरोबर क्लॅरिनेट बरी वाटते, मी ऐकलंय." मग मम्मींकडे वळून म्हणाले, "तुझे दात आता थांबतील दुखायचे."

मम्मींचा चेहरा बघण्यासारखा झाला. प्रबोध इतका हसला की त्याला ठसका लागला. दाविदभाऊ आत आले, त्यांना ताट आलं, आणि मी आपली सगळ्यांना वाढायला उठले. डोळे पुसायला तेवढंच निमित्त.

"सोलापूर, तू कुठे निघालीस?" पप्पा म्हणाले. "बस. तुला मी अजून काही दिलं नाही."

मी बसले.

"तुझा कान चांगला आहे. तू 'आ'ला सा घे."

"सा? पण कॉर्ड रेचा आहे, पप्पा. रे आणि सा शेजारी शेजारी, घासतील ना?"

"घासू दे. तसाच हवाय. थोडं घासलं की पुढे जायची ओढ लागते. 'मे'ला तू 'नी'वर उतर आणि 'न'ला परत 'सा'वर ये."

"नी माझा आहे!" प्रबोध ओरडला.

"होता. तू 'ध'वरून 'प'वर जा आणि तिथेच राहा. बायको आली की एखादा सूर सोडावा लागतो."

"नणंद आणि भावजय शेजारी शेजारी," मम्मी म्हणाल्या, "घासणारच." ताईंनी माझ्याकडे बघून डोळा मारला.

मग ते आम्ही गायलो. पहिल्यांदा मी चुकले, दुसऱ्यांदा प्रबोध सवयीने माझ्या नीवर आला आणि शिव्या खाऊन परत गेला. तिसऱ्यांदा जमलं. माझा सा ताईंच्या रेला जाऊन भिडला, अंगाला झिणझिण्या आल्या, आणि मग सगळं सुटत सुटत घरी आलं. दाविदभाऊ डोळे मिटून ऐकत होते. मटण तोवर पार गार झालं होतं, अगदी माझ्या दादांच्या घरच्यासारखं.

ताईंचं बाळंतपण नगरलाच झालं. मुलगा झाला, आशिष. तो रडायचा तेव्हा पप्पा त्याचा सूर ऑर्गनवर शोधायचे.

पप्पा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. ज्या दिवशी त्यांना माती दिली, त्या संध्याकाळी शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी आणून दिली आणि आम्ही त्याच टेबलाशी बसलो. खुर्ची रिकामी. आभार प्रबोधने मानले. मग सगळे थांबलो, कारण पहिला म नेहमी त्यांचा असायचा.

"पप्पांचा म रिकामा ठेवू या," ताई म्हणाल्या. मी मान हलवली. मलाही तेच योग्य वाटत होतं.

"कशाला?" मम्मी म्हणाल्या. केस पांढरे, पाठ वाकलेली, पण आवाज खणखणीत. "तू यायची होतीस म्हणून तुझी जागा ठेवली होती. हे काय परत यायचे आहेत? चर्चमध्ये काय शिकवलं त्यांनी आयुष्यभर? आशिष, तू घे म."

आशिष तेव्हा कॉलेजात होता. आजोबांचीच उंची, नुकताच उतरलेला जड आवाज. त्याने घसा साफ केला, अगदी त्यांच्यासारखा, आणि म धरला. ताईंनी रे ठेवला, प्रबोधने ध, मी सा. मम्मींचा म मात्र आलाच नाही. त्या तोंडावर पदर घेऊन बसल्या होत्या.

आशिषने हात वर केला. सगळे थांबलो.

"पुन्हा, आजी," तो म्हणाला.